मी आत आहे

...हसा, हसा, मनसोक्त हसा! बाही बोटांच्या टोकापर्यंत आलीय, खांदा कोपराकडे निघालाय, कॉलरमध्ये माझ्यासारखे दोघं मावतील... दिसतंय मला, आरसा आहे की खोलीत, फुटका का होईना! मेव्हण्याचा शर्ट आहे हा. मेव्हणा म्हणजे दरवाज्यातून वाकून आत येणारा माणूस. आणि मॅडम, तुम्ही म्हणालात ना, एकेकानं उभं राहून दोन मिनिटांत ओळख करून द्या, नाव, कारखाना, हुद्दा, आणि स्वतःबद्दलची एक गोष्ट? तर नाव तुम्ही हजेरी घेताना वाचलंतच. कारखाना बिस्किटांचा. हुद्दा मेंटेनन्स फिटर, सतरा वर्षं. राहिली एक गोष्ट. तर ती गोष्ट अशी, की तीन महिन्यांच्या कोर्सला सगळे मोठाल्या बॅगा ओढत आले आणि हा माणूस एक कापडी पिशवी घेऊन का आला... सकाळपासून विचारताय ना सगळे? ते पहिल्या बाकावरचे लिफ्टवाले तर मघाशी म्हणाले, "का हो, रस्त्यात लुटलं का?" लुटलं असतं तर बरं झालं असतं हो! निदान तक्रार तरी करता आली असती. मॅडम, घड्याळ नका बघू, आत्ता कुठे सुरुवात केलीय.

तर तुम्ही सगळे यंत्रांवर काम करणारे, तुम्हाला हे पाठ आहे, पण खानावळीतले काका दारात चहाचा ट्रे घेऊन थांबलेत, त्यांच्यासाठी सांगतो. काका, आमच्याकडे पीठ मळायचं यंत्र आहे, हे एवढं, या खोलीएवढं समजा, आणि त्याच्या पोटात उतरून ते साफ करावं लागतं. आता मी आत उतरलोय, आणि बाहेरून एखादा शहाणा आला, म्हणाला, "अरे, बंद का हे?" आणि दाबला खटका... काका, चहाच्या वेळेला मी पुढचं सांगत नाही. म्हणून आमच्यात एक नियम असतो. आत उतरायच्या आधी खटका बंद करायचा, त्याच्यावर स्वतःचं कुलूप घालायचं, चावी स्वतःच्या खिशात, आणि कुलपाला एक लाल पट्टी अडकवायची. तिच्यावर आपला फोटो आणि खाली लिहिलेलं, "मी आत आहे. हे कुलूप माझं आहे. माझ्याशिवाय कुणीही काढू नये." मालक येऊ दे, मॅनेजर येऊ दे, मालकाचे तीर्थरूप येऊ देत, कुणी हात लावायचा नाही. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. नियम म्हणजे नियम! माझ्या उस्तादांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. ते नियम शिकवताना काही बोलायचे नाहीत, फक्त हात वर करायचे. आम्हाला पहिल्याच दिवशी कळला.

फोटोचं मात्र विचारू नका. कंपनीचा फोटोवाला आला त्या दिवशी मला सर्दी, आणि त्यानं बरोबर शिंकेच्या आधीचा क्षण पकडला. डोळे अर्धे मिटलेले, नाक वर, तोंड उघडं. बायको म्हणते, "अहो, हा फोटो लावलात तर कुलपाची गरजच नाही, माणसं तशीच पळतील."

तर हा नियम आमच्या मुलीला कसा कळला ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. आता आठ वर्षांची आहे, तेव्हा सहाची होती. घरात तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणतात. दूध सांडलं कुणी, दिवा चालू ठेवला कुणी, नानांनी म्हणजे माझ्या वडिलांनी औषध घेतलं का नाही, सगळा तपास तिच्याकडे! कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना आत येऊन बघायला परवानगी असते, तेव्हा तिला घेऊन बायको आली, आणि नेमका मी त्या यंत्राच्या पोटात. पोरीनं बघितलं, खटक्यावर कुलूप, कुलपाला बाबाचा फोटो, फोटोत बाबा असा, आणि खाली "मी आत आहे." अक्षरं नुकतीच वाचायला लागलेली. वाचलं, आणि जो गळा काढला! "बाबाला मशीननं खाल्लं!" मी घाबरून वर आलो, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, ते बघून आणखी मोठ्यानं! मग तिला खाली बसवलं आणि समजावलं. म्हटलं, "हे बघ, कुलूप लावलंय ना, म्हणजे बाबाला काही होणार नाही. कुलूप आहे तोवर बाबा आत आहे, आणि बाबा बाहेर येणार म्हणजे येणारच. तो आल्यावर स्वतः काढणार." तिनं डोळे पुसले, विचार केला, आणि म्हणाली, "दुसऱ्यानं काढलं तर?" मी म्हटलं, "दुसऱ्यानं काढायचंच नाही." "नियम आहे?" "नियम आहे." झालं! इन्स्पेक्टरबाईंच्या वहीत नोंद झाली.

आता येतो मुद्द्यावर. गेल्या वर्षी मला सहा आठवड्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणाला पाठवलं. हेच, तुम्ही सगळ्यांनी केलंय ते. मी आयुष्यात घर सोडून दोन रात्रींच्या वर कुठे राहिलेलो नाही हो! लग्नाआधी आई, लग्नानंतर बायको, मधे रिकामी जागाच नाही. साहेब म्हणाले, "जा, जरा जग बघून या." जग बघायला सहा आठवडे कशाला, मला माझ्या गॅलरीतून पुष्कळ दिसतं! पण साहेबांपुढे मान हलवायची सवय, हलवली.

निघायच्या दिवशी घरातला गीझर बिघडला. गाडी संध्याकाळची होती. म्हटलं, सहा आठवडे मी नाही, नाना म्हातारे, लेकरू लहान, गरम पाण्याची सोय तरी करून जावं. जळलेली कॉइल काढायची, नवी बसवायची, तासाभराचं काम. दारामागच्या मेन बोर्डातला गीझरचा खटका बंद केला आणि सवयीनं, अगदी सवयीनं, खिशातलं कुलूप काढून त्याला लावलं, लाल पट्टी अडकवली, चावी खिशात. घरात कुणी लावतं का कुलूप? मी लावतो! नाना म्हणाले, "अरे, घरात कोण तुझ्या जिवावर उठलंय?" मी म्हटलं, "नाना, नियम म्हणजे नियम!"

आणि मी गीझरचं झाकण उघडून आत हात घालतोय, तोवर खाली कंपनीची जीप! पाँ पाँ पाँ! वर ड्रायव्हर येऊन उभा, "चला साहेब, अकराला निघायचं ठरलंय." म्हटलं, "अरे, गाडी संध्याकाळची आहे!" "ती रद्द झाली, दुपारच्या गाडीत बसवायचं सांगितलंय, चला, मला अजून तिघांना उचलायचंय." एकच गोंधळ. बायको डबा भरतेय, नाना छत्री शोधतायत, कशाला कोण जाणे, मी झाकण बसवलं, हात पुसले, बॅग उचलली आणि जिना उतरलो. आणि पोरगी शाळेत. दोनला सुटणार होती. मी संध्याकाळी निघणार म्हणून सकाळी तिला नीट निरोपसुद्धा दिला नव्हता हो. बुटांच्या नाड्या बांधल्या, डबल गाठ मारली, म्हटलं, "पळ." एवढंच. पळ! सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्या बापाचा हा शेवटचा शब्द.

आता चावी खिशात आहे हे मला कधी कळलं? प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला! मास्तर उभे राहिले, हे असे, खर्जातला आवाज, "मंडळी, आपल्या धंद्यातली सगळ्यात सामान्य चूक कोणती? माणूस काम संपवतो, घरी जातो, जेवतो, आणि कुलूप तसंच यंत्रावर! चावी ह्याच्या खिशात, आणि पुढची पाळी हातावर हात ठेवून बसलेली!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मी! वर बोललोसुद्धा, "असा गाढव असतो तरी कुठे!" आणि हसता हसता रुमाल काढायला खिशात हात घातला... आणि हाताला लागली चावी. तुम्हाला सांगतो, हसू असं गिळलं की ठसका लागला. मास्तर म्हणाले, "पाणी द्या त्यांना." पाणी कसलं देताय, गरम पाणी पोचवा माझ्या घरी!

दुपारी फोन केला. बायको म्हणते, "अहो, तुमचं कुलूप राहिलंय." मी म्हटलं, "हो." "मग तोडू का हातोडीनं?" मी म्हटलं, "तोड." आणि मागून आवाज आला, "अजिबात नाही!" इन्स्पेक्टर! घेतला फोन हातात. "बाबा, कुलूप तोडायच्या आधी काय काय करायचं असतं? तूच सांगितलेलंस." आणि मी सांगितलेलं होतं हो, बाजारात, बसमध्ये, जेवताना, मला दुसरं येतंय काय बोलायला! कुलूपवाला सापडत नसेल तर आधी आत सगळीकडे शोधायचं. मग त्याला फोन करायचा. तो आत नाही असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. मग पाळीच्या प्रमुखाची सही, आणि मगच कुलूप तोडायचं. म्हणाली, "आत शोधलं मी. बाथरूममध्ये नाहीस, कपाटात नाहीस, नानांच्या पलंगाखाली नाहीस. आता तू सांग. बाबा, तू आत आहेस का नाहीस?"

साधा प्रश्न! उत्तर एका शब्दाचं. "नाही." म्हणायचं, आई हातोडी घालणार, पाणी तापणार, विषय संपला. मी तोंड उघडलं... आणि मला एकदम दिसलं हो, आदल्या दिवशी दोनला शाळा सुटली असेल, ही जिना चढून आली असेल, दार उघडलं तर बाबा नाही, बाबाची बॅग नाही, चपला नाहीत, निरोप नाही. आणि दारामागं कुलूप. त्याला माझा तो शिंकेचा फोटो. मी आत आहे. आणि आता मीच सांगू, मी आत नाही? घरात नाही मी? म्हटलं, "आहे गं. आतच आहे." ती म्हणाली, "मग नाही काढायचं." आणि फोन ठेवला. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. नियम म्हणजे नियम!

आणि पुढे सहा आठवडे आमच्या घरात पातेल्यात पाणी तापवून अंघोळी. नाना तर पेटलेच, पातेलंसुद्धा नको, फोनवर म्हणतात, "मी गारच घेतोय! आमच्या लहानपणी कुठे होता गीझर? एकदम ताजंतवानं वाटतंय!" आणि दात असे वाजतायत की मला फोनमध्ये ऐकू येतंय. बायको रोज फोनवर शिव्यांची लाखोली. "मनगट भरून आलंय माझं, पातेलं उचलून उचलून. कुठून बुद्धी झाली आणि फिटरशी लग्न केलं!" आणि माझ्याकडे काय? हॉस्टेलमध्ये नळ सोडला की वाफ! पहाटे, दुपारी, कधीही, पाहिजे तेवढं कढत पाणी! घ्या, करा मजा! कसली मजा? अंगावर तांब्या ओतला की डोळ्यासमोर नाना. शेवटी मीही गार पाण्यानं अंघोळ करायला लागलो. चौथ्या दिवशी आडवा झालो तापानं.

माझ्याबरोबर खोलीत एक क्रेनवाले होते. दिवसाला मोजून दहा शब्द. बायकोचा फोन आला की "हो. नाही. बरं. जेवलो." संपलं बोलणं! पण फोन ठेवल्यावर दहा मिनिटं तसेच फोनकडे बघत बसायचे. मी तापात बडबडत होतो म्हणे, कुलूप, कॉइल, पातेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि म्हणाले, "चावी आहे ना?" म्हटलं, "आहे." "कुरिअरचं ऑफिस खालीच आहे." म्हटलं, "आहे." "मग?"

आता मॅडम, खरं सांगतो. इथे खोटं बोलून काय मिळणार? ही गोष्ट माझ्या डोक्यात पहिल्या दिवशीच आली होती. पाकिटात चावी घालायची, पत्ता लिहायचा, तिसऱ्या दिवशी घरात गरम पाणी. पाकीटसुद्धा आणलं होतं. पत्ताही लिहिला होता. ते पाकीट उशीखाली घेऊन मी झोपत होतो. का नाही पाठवलं? कारण फोनवर बाकी सगळं कसं उत्तम चाललं होतं! पंख्याचा आवाज येत होता तो शेजारच्यांनी दुरुस्त केला. पोरीला गणितात पैकीच्या पैकी. नाना स्वतः औषध घेतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पोरगी स्वतःच्या नाड्या स्वतः बांधायला शिकली. बायको किती आनंदानं सांगत होती! मी म्हटलं, "अरे वा!" आणि फोन ठेवून अर्धा तास माझ्या बुटांच्या नाड्या सोडत आणि बांधत बसलो. माझ्यावाचून त्या घरात काही अडलं नव्हतं हो! एक पान हललं नव्हतं! अडलं होतं ते फक्त गरम पाणी. रोज सकाळी सात वाजता, पातेलं उचलताना, माझी आठवण निघणार म्हणजे निघणारच. शिव्या घालत का होईना! चावी पाठवली की तेवढंही गेलं. एवढं सगळं मी क्रेनवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नका पाठवू." दोन शब्द! त्या दिवसाच्या कोट्यातले!

बेचाळीस दिवस मोजले. सकाळी सात दहाला इकडे मी वर्गात, आग विझवायच्या नळकांड्याचे प्रकार किती, मास्तर विचारतायत, आणि माझ्या डोक्यात, आता तिचा एक मोजा सापडत नसणार. तो कपड्यांच्या टोपलीमागं पडतो, नेहमी डावा, हे फक्त मला माहितीय! हात वर करून सांगावंसं वाटायचं. परीक्षेत पहिला आलो, तो कसा आलो मला माहीत नाही. संध्याकाळी दुसरं करायला काही नव्हतं म्हणून वाचत होतो बहुतेक.

घरी पोचलो तर सगळे दारात. नाना घसा खाकरतायत, बायको पदराला हात पुसतेय, आणि पोरगी... तुम्हाला वाटेल, धावत येऊन गळ्यात पडली असेल? छे! मेन बोर्डाला पाठ लावून उभी, ताठ! म्हणाली, "बाबा, आधी कुलूप." म्हटलं, "अगं, बॅग तरी ठेवू दे." "आधी कुलूप. ते काढलंस म्हणजे तू बाहेर आलास." काढली चावी. उघडलं कुलूप. खट्! आणि मग पडली गळ्यात. सहा आठवडे जे रडायचं साठवलं होतं ते सगळं एकदम. माझ्या शर्टाची गत बघण्यासारखी झाली, तेव्हा निदान शर्ट माझा होता!

नाना म्हणाले, "आता खटका तर चालू कर, मला एकदा कढत पाण्यानं न्हाऊ दे!" म्हणजे बघा, ताजंतवानं वाटत होतं ना? मी खटक्याकडे हात नेला. आणि पुन्हा ती मेली सवय! वीज सोडायच्या आधी एकदा आत डोकावायचं, हीसुद्धा उस्तादांची शिकवण. गेलो, गीझरचं झाकण उघडलं. काका, तुम्ही ट्रे खाली ठेवा जरा.

आत कॉइल नव्हती. जुनी मी काढली होती, नवी बसवलीच नव्हती! नवी अजून खोक्यात, खोकं माझ्या हत्यारांच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर! आणि वीज आणणाऱ्या दोन उघड्या तारा लोंबत होत्या, त्यातली एक पत्र्याच्या टाकीला टेकलेली. टाकीतून पाइप, पाइपाला नळ, आणि नळाखाली... माझ्या डोक्यात सहा आठवडे पक्कं बसलेलं, की काम पूर्ण करूनच निघालो. शपथेवर सांगितलं असतं! जीप आली, झाकण बसवलं, हात पुसले, म्हणजे काम झालं, असंच माझ्या मनानं धरलं होतं. मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो.

बायको मागून आली. तिनं बघितलं. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवला. त्यात घराची किल्ली, कपाटाची किल्ली, आणि एक बारकी. कुलपाची दुसरी चावी. म्हणाली, "लग्नानंतर तुम्हीच दिली होती सांभाळायला. तिसऱ्या दिवशी सापडली." मी म्हटलं, "मग... उघडलं का नाहीस?" म्हणाली, "उघडायला गेले होते. ही मधे हात पसरून उभी राहिली. म्हणाली, बाबा आत आहे." मी म्हटलं, "ती शाळेत जायची की रोज. तेव्हा?" बायको म्हणाली, "तेव्हा... राहू दे म्हटलं. येता-जाता तुमचं ते तोंड तरी दिसत होतं."

म्हणजे बघा! मी तिकडे चावी उशीखाली घेऊन झोपतोय, ही इकडे चावी कमरेला लावून पातेली उचलतेय, दोघंही एकमेकांना फोनवर शिव्या देतोय, आणि मधे एक सात वर्षांची पोरगी नियम पाळतेय. तिच्यावाचून काय झालं असतं त्याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. अर्ध्यावर सोडतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. कॉइल बसवली असती, अंघोळ केली असती, जेवला असता. मी काय केलं? सोमवारी कारखान्यात जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. उस्तादांची शिकवण, आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, म्हणजे दुसरा करत नाही. साहेबांनी ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. आणि साहेब काय म्हणतात? "वा! अशीच माणसं हवीत शिकवायला! तुम्ही आता शिक्षक व्हा. शिक्षकांचा कोर्स आहे, तीन महिन्यांचा. पाठवतो तुम्हाला!" तीन महिने! म्हणजे एकदा दूर राहून केलेल्या चुकीबद्दल बक्षीस काय, तर दुप्पट दूर राहा! मी काय केलं? मान हलवली. सवय!

या वेळी मात्र सगळं रीतसर. पोरीला आठ दिवस आधी सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही, फक्त विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, "नव्वद." "आधी बेचाळीस होते." म्हटलं, "हो." "आता नव्वद." म्हटलं, "हो गं." गेली आत. मला वाटलं, मोठी झाली पोर, समजूत आली. काल सकाळी बॅग भरली, घड्या घालून, टॉवेल, दाढीचं सामान, सहा शर्ट, स्वेटर, सगळं. पोरीला या वेळी नीट निरोप दिला, बसपर्यंत सोडून आलो, नाड्या तिच्या तिनंच बांधलेल्या होत्या, तरी मी वरून एक गाठ मारली. परत आलो, बॅग उचलायला गेलो...

बॅगेच्या चेनीला कुलूप. माझंच! ते गीझरवालं! दोन्ही चाव्या गायब, माझ्या खिशातली आणि हिच्या जुडग्यातली. आणि कुलपाला लाल पट्टी. माझा फोटो खरवडून काढलेला, त्या जागी तिचा, शाळेतला, दोन वेण्यांचा. आणि खाली तेच. मी आत आहे. हे कुलूप माझं आहे. माझ्याशिवाय कुणीही काढू नये.

बायको म्हणाली, "आणू का हातोडी?" मी म्हटलं, "थांब. रीतसर होऊ दे." आधी आत शोधलं. कपाट बघितलं, नानांचा पलंग बघितला. ती नव्हती, हे मला माहीत होतं, तरी बघितलं. मग शाळेत फोन लावला. शिपायानं बाईंना बोलावलं, बाईंनी हिला बोलावलं. म्हटलं, "बाळा, बाबाची गाडी आहे गं. तुझं कुलूप लागलंय बॅगेला. तू आत नाहीस ना?" पलीकडे वर्गात पाढे चाललेले ऐकू येत होते. मग हळूच म्हणाली, "आहे. आतच आहे."

आता सांगा! सतरा वर्षांत मी कुणाच्या कुलपाला बोट लावलं नाही. सुरुवात तिच्यापासून करू? मेव्हण्याकडून शर्ट आणला, पिशवी उचलली आणि आलो. बॅग तिथंच आहे, दारामागं, मेन बोर्डाखाली. नव्वद दिवस तिथंच राहणार. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं... तर मॅडम, ही माझी ओळख. दोन मिनिटांच्या वर झाली असेल तर माफ करा. आणि मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे एक जादाचा टॉवेल आहे का हो?